सध्या आपण काय वाचत आहात, आणि त्यातल्या आठवणी आपण कितपत खऱ्या धरता?

पानोपानी:

गेले तीन आठवडे मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचत आहे. लहानपणी पाठ्यपुस्तकात त्यातला एक उतारा वाचला होता आणि तेवढ्यावरून हे गमतीदार आठवणींचे पुस्तक असावे, अशी माझी समजूत झाली होती. ती पहिल्या काही प्रकरणांतच मोडली. वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या वेडाखाली दबलेले घर, अकराव्या वर्षी झालेले लग्न, मनात येईल तेव्हा घर सोडून निघणारा नवरा, १८९५ साली त्याने स्वीकारलेला ख्रिस्ती धर्म आणि त्यानंतरची ताटातुटीची वर्षे, हे सगळे त्यांनी ज्या शांतपणे सांगितले आहे, त्या शांतपणानेच मी हलून गेले. नवऱ्याविरुद्ध फिर्याद नाही आणि स्वतःची कीव तर नाहीच नाही. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरओळख करून घेतलेल्या बाईची ही भाषा आहे. ती बोलल्यासारखी लिहिते, आणि म्हणूनच तिचे एकही वाक्य पोकळ वाटत नाही.

जातिभेद मनातून गळून पडण्याचा प्रसंग मी दोनदा वाचला. कोणी उपदेश केला म्हणून नव्हे, तर एकटीच विचार करत असताना हा भेद माणसाने निर्माण केलेला आहे हे त्यांच्या ध्यानात आले, आणि पुढे त्या तसे वागूही लागल्या. दुसऱ्या कोणी या जागी चार पाने वाद मांडला असता. त्यांनी तो घरातली एखादी घटना सांगावी तसा सांगितला आहे.

मात्र वाचताना एक शंका सतत सोबत आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, आणि पुस्तक १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. म्हणजे काही संवाद पन्नास वर्षांपूर्वीचे, तरीही ते कालच घडल्यासारखे शब्दशः येतात. माणसाला इतके आठवते का? की सांगता सांगता आठवण घडत जाते आणि शेवटी घडवलेलीच खरी वाटू लागते? आपण सध्या काय वाचत आहात, आणि आठवणींवर उभ्या असलेल्या पुस्तकातले किती आपण खरे धरता, हे जाणून घ्यायला आवडेल.

समासातले:

आपला प्रश्न माझ्यापुढे गेला महिनाभर वेगळ्या रूपात उभा आहे, कारण मी विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ वाचत आहे. कर्ज फेडावे आणि यज्ञाच्या निमित्ताने चार पैसे दक्षिणा मिळवावी, एवढ्याच हेतूने हा भिक्षुक १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या ऐन वणव्यात सापडला. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा तो शहरातच होता. पुन्हा पुन्हा लुटला गेला, आणि अखेर धनाऐवजी गंगेच्या पाण्याची कावड घेऊन आईवडिलांकडे परतला.

हा वृत्तांत त्यांनी घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिला. त्यात तारखांचे आणि ऐकीव गोष्टींचे घोटाळे आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिलेलेच आहे. तरीही वाचताना माझी एक पद्धत ठरून गेली आहे. लढाईचे डावपेच, राजेरजवाड्यांची खलबते, दरबारातले संवाद यांपैकी जे त्यांना कोणाकडून तरी कळले असणार, ते मी ऐकीव म्हणून वाचतो. पण पाणी मिळेना तेव्हा काय केले, कुठे लपलो, रस्त्यात प्रेते कशी पडली होती, झाशीतला ग्रंथसंग्रह कसा नष्ट झाला, हे सांगताना त्यांच्या भाषेचा पोतच बदलतो. भीतीने ज्या गोष्टी मनावर कोरल्या जातात, त्या पंचवीस वर्षांत पुसल्या जात नसाव्यात. ग्रंथसंग्रहाच्या नाशाबद्दल त्यांना वाटलेली हळहळ वाचून मला पुस्तक काही वेळ बाजूला ठेवावे लागले.

परंतु मला खरी अडचण जाणवली ती स्मृतीची नव्हे, संपादनाची. हे पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रथम प्रकाशित केले, तेव्हा त्यांनी भाषा सुधारली आणि मजकुरात बरीच काटछाट केली. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली आली. मी आधी जुनी वाचली होती आणि आता मूळ पाठाची वाचत आहे. वैद्यांची सुबक वाक्ये वाचताना मला एक सभ्य गृहस्थ दिसत होता. मूळ पाठात भिक्षुकी करणारा, पैशाचा हिशेब ठेवणारा, घाबरणारा, मधेच विषयांतर करणारा जिवंत माणूस भेटतो. वाक्य कधी कर्त्याशिवाय सुरू होते आणि तीन घटना ओलांडून थांबते. वाचायला जड जाते, हे मान्य आहे. पण तो जडपणाही त्याचाच आहे. म्हणून ‘स्मृतिचित्रे’ वाचताना केवळ लक्ष्मीबाईंना किती आठवत होते एवढेच न पाहता, आपल्या हातातली आवृत्ती संपूर्ण आहे की संक्षिप्त, हेही पाहावे, अशी माझी विनंती आहे. संक्षिप्त आवृत्तीत प्रसंग राहतात आणि श्वास जातो.

दीपमाळ:

मी दया पवारांचे ‘बलुतं’ दुसऱ्यांदा वाचत आहे. १९७८ साली ते प्रसिद्ध झाल्यानंतर मराठीत दलित आत्मकथनांची वाट मोकळी झाली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या वाचनात मी अनुभवाच्या दाहकतेनेच इतका भारावून गेलो होतो, की मांडणीकडे माझे लक्षच गेले नाही. आता जाणवते की आपण विचारलेल्या शंकेचे उत्तर त्या मांडणीतच आहे. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. दोघे एकच आहेत, पण एकाजवळ भूतकाळ आहे आणि दुसऱ्याजवळ तो लिहिण्याचे धैर्य. शिकून नोकरीला लागलेला, पांढरपेशा वस्तीत वावरणारा माणूस आपल्याच गावकुसाबाहेरच्या बालपणाकडे थेट पाहू शकत नाही. म्हणून त्याला स्वतःचा दुसरा तुकडा समोर बसवावा लागतो.

यामुळे माझा विश्वास कमी होण्याऐवजी वाढला. आठवण सांगणारा कोण आणि कोणासाठी सांगतो आहे, हे पुस्तकानेच आधी कबूल केलेले असते. त्यातल्या ज्या गोष्टी सांगणाऱ्याला लाजिरवाण्या वाटतात, त्या मी जवळजवळ पूर्णपणे खऱ्या धरतो, कारण त्या खोट्या सांगून कोणाचाही लाभ नाही. कावाखान्यातले दिवस वाचताना मला हा निकष वारंवार उपयोगी पडला. श्री. समासातले भीतीच्या खुणा शोधतात, मी लाजेच्या शोधतो.

ओळखीची ओळ:

माझे वाचन सध्या अगदी लहान पुस्तकाचे चालले आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ मी दोन बैठकांत संपवली आणि लगेच पुन्हा सुरू केली. १९५५ ची ही कादंबरी आहे, तेव्हा खरेखोटेपणाचा प्रश्न तिला लागू नाही, असे कोणी म्हणेल. पण धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर ज्या संयमाने ‘मी’ म्हणून बोलतो, तो मला कित्येक आत्मचरित्रांपेक्षा अधिक विश्वसनीय वाटला. त्याला वाडीतले सगळे कळत नाही, आणि आपल्याला कळते असा आवही तो आणत नाही. कारभाऱ्याच्या मनात संशय का आला, आनंदा रामोशी असा का वागतो, हे त्याला हळूहळू उमगते आणि काही कधीच उमगत नाही. शेवटी दुष्काळाने माणसे वाडी सोडून जातात, तेव्हाही लेखक आवाज चढवत नाही. अंजीच्या मनाचा थांग मात्र मास्तराबरोबर आपल्यालाही लागत नाही, ही उणीव मला या वेळी अधिक बोचली.

जुनी वही:

मी इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ अर्ध्यावर आणले आहे आणि ‘समासातले’ यांच्या म्हणण्याला थोडा विरोध नोंदवू इच्छिते. शुद्ध पाठ म्हणजेच खरा, असे आपण सहज धरून चालतो. इरावतीबाईंनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेतला आहे, आणि त्या आवृत्तीत मयसभेतल्या फजितीनंतर द्रौपदी दुर्योधनाला ‘आंधळ्याचा पुत्र आंधळा’ म्हणते तो प्रसंग नाही. अभ्यास म्हणून हे योग्यच आहे आणि द्रौपदीवरचा एक मोठा आळही त्यामुळे दूर होतो. पण पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते वाक्य तिच्या तोंडी का घातले, युद्धाचे खापर एका बाईच्या हसण्यावर का फोडावेसे वाटले, हेही समाजाच्या स्मृतीचे सत्य आहे, आणि शुद्ध पाठाबरोबर ते दिसेनासे होते. गांधारी, कुंती, भीष्म यांच्याबद्दल बाईंची वाक्ये इतकी स्वच्छ आणि निष्ठुर आहेत, की प्रत्येक लेखानंतर मला थांबावे लागते. म्हणूनच वाचन रेंगाळले आहे. १९६७ साली असे लिहायला केवढे धाडस लागले असेल!

पानोपानी:

सर्वांचे मनापासून आभार. ‘समासातले’ यांच्या सूचनेनुसार मी लगेच पाहिले, तेव्हा माझ्या हातातली प्रत संक्षिप्त असल्याचे आढळले. आता संपूर्ण आवृत्ती मिळवून पहिल्या प्रकरणापासून पुन्हा सुरुवात करत आहे. ‘दीपमाळ’ यांचा लाजेचा निकषही मी लावून पाहिला. नवऱ्याशी झालेल्या भांडणांत आपलीच चूक होती, हे लक्ष्मीबाई जिथे स्पष्ट सांगतात, तिथले संवाद शब्दशः नसले तरी ते भांडण तसेच झाले असणार, याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही. जिथे सगळ्यांनी त्यांचे कौतुक केले आहे, त्या जागा मात्र मी पेन्सिलीने खूण करून ठेवल्या आहेत आणि संपूर्ण आवृत्तीत त्या पुन्हा तपासणार आहे.