बीपी बरोबर दिसतंय म्हणून मेंदूला रक्त पुरतंय असं का धरायचं?

धागाकर्ता: गरोदरपणाचे 32 आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत रक्तस्राव होतो तो बहुतेक वेळा पहिल्या 72 तासांत. तरी पहिल्या दिवशी बऱ्याच ठिकाणी बीपीचाच आकडा बघतात, 26 आठवड्यांचं बाळ तर मीन (सरासरी) बीपी 26 असलं की झालं. क्लकोव आणि इव्हान्स या संशोधकांनी 2000 सालीच दाखवलंय की डोकं आणि हातांकडून हृदयात परतणारं रक्त पहिल्या 12 तासांत खूप कमी होऊ शकतं आणि त्या बाळांना रक्तस्राव होतो तो नंतर, प्रवाह सुधारायला लागल्यावर. बीपी तेव्हा नॉर्मलही असू शकतं! माझं ठाम मत, पहिल्या काही तासांत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, व्हायलाच हवा.

रात्रपाळी: आणि इकोत प्रवाह कमी दिसला की? सलाईन ढकलणार, बीपी वाढवायला डोपामिन लावणार? मेंदूत जिथे रक्तस्राव होतो त्या भागातल्या रक्तवाहिन्यांची भिंत इतकी पातळ असते की अचानक वाढलेला प्रवाहच ती फोडतो. एवढ्याशा छातीवर प्रोब टेकवला, इन्क्युबेटरची दारं उघडी राहिली की रक्तातलं ऑक्सिजनचं सॅच्युरेशन खाली आलंच. डोकं सरळ मधोमध ठेवा, सक्शन (नळीने कफ ओढणं) गरजेपुरतंच, बाळाला हात कमीत कमी लावा. आम्ही हेच करतो आणि मला तेच पटतं.

धागाकर्ता: अहो पण ढकला असं म्हणतंय कोण? बीपी कमी पण प्रवाह चांगला, असं दिसलं तर उलट डोपामिन टळतं ना. न बघता औषध देणं जास्त धोक्याचं.

रात्रपाळी: बघितल्याने निकाल बदलतो हे कुठे सिद्ध झालंय? मेंदूतला ऑक्सिजन सतत मोजून उपचार करायची सेफबूस्क ट्रायल, 1600 च्या आसपास बाळं, 2023 मध्ये निकाल आला, मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा काही कमी झाली नाही.

लेबररूमवाली: तुम्ही दोघं जन्मानंतरचंच बोलताय. आईला बाळंतपणाआधी स्टिरॉइडची इंजेक्शनं वेळेत मिळाली तर रक्तस्राव कमी होतो, यावर वादच नाही. बाळाची स्थिती बरी असेल तर नाळ निदान 30 ते 60 सेकंद थांबून कापा. पण घाईत नाळ पिळून रक्त आत ढकलू नका, 23 ते 27 आठवड्यांच्या बाळांत गंभीर रक्तस्राव वाढलेला दिसला म्हणून त्या गटातली ट्रायल थांबवावी लागली होती, 2019 मध्ये छापून आलंय. म्हणजे रक्त किती मिळालं एवढंच नाही, किती झपाट्याने आत गेलं तेही बघायला हवं.

धागाकर्ता: नाळेचं शंभर टक्के मान्य. पण स्टिरॉइडला वेळच न मिळालेलं बाळ समोर आलं तर? त्याचा इको मी तरी करणारच, सराईत हाताने, पाच मिनिटांत.

रात्रपाळी: सराईत हात रात्री दोन वाजता असेल तर करा. नसेल तर नका करू.