यूपीआयने आलेल्या पैशांवरून दुकानाचं चालू खातं गोठवलं: सुरुवात कुठून करायची?

पेठेतला_दुकानदार

धाकट्या भावाचं सांगलीत जुन्या-नव्या मोबाइलच्या विक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. मंगळवारपासून चालू खात्यातून एक रुपयाही निघत नाही. शिल्लक १,८६,००० च्या आसपास आहे. शाखेत विचारलं तर "सायबरकडून आलंय, आमच्या हातात काही नाही" एवढंच उत्तर मिळतं, कागद कोणी देत नाही. अंदाज असा की जुना फोन घेणाऱ्या एका गिऱ्हाइकाने १४,५०० रुपये पाठवले, ते भलत्याच नावाच्या खात्यातून आले होते.

पाच तारखेला कर्जाचा हप्ता आहे, दोन पुरवठादारांना चेक दिलेले आहेत. शाखेकडून नेमकं काय मागायचं? परराज्यातले पोलीस असतील तर तिथे जावंच लागतं का? बँक आता खातं बंदच करून टाकेल का?

काउंटरपलीकडून

आधी हे समजून घ्या की असं खातं बहुतेक वेळा बँक आपल्या मनाने गोठवत नाही. फसवणूक झालेला माणूस १९३० वर फोन करतो किंवा राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार टाकतो. त्याचे पैसे ज्या खात्यात गेले तो पहिला लेयर, तिथून पुढे गेले तो दुसरा, आणि असंच पुढे. माग जिथवर लागतो तिथवरच्या प्रत्येक बँकेला सूचना जाते. दुकानदार सहसा तिसऱ्या-चौथ्या लेयरला सापडतो, कारण चोराने त्या पैशांतून त्याच्याकडे खरेदी केलेली असते. शाखेतल्या माणसाला खरंच फारसं ठाऊक नसतं. सूचना मुख्य कार्यालयाच्या नोडल विभागात (पोलिसांशी संपर्क ठेवणाऱ्या विभागात) येते आणि तिथूनच खात्यावर खूण पडते. पण खात्याच्या स्क्रीनवर शेरा असतो आणि शाखेला तो दिसतो. तोच काढून घ्यायचा.

"खातं का गोठवलं" असा मोघम अर्ज देऊ नका, त्याला उत्तरही मोघमच येतं. लेखी अर्जात या गोष्टी नाव घेऊन मागा: पोर्टलचा पावती क्रमांक, राज्य आणि पोलीस ठाणं, तपास अधिकाऱ्याचा अधिकृत ईमेल, वादग्रस्त रक्कम, ज्या व्यवहारावरून हे झालं त्याची तारीख आणि संदर्भ क्रमांक (यूपीआयचा असेल तर तो बारा आकडी असतो), खातं कितव्या लेयरला आहे, आणि आलेल्या सूचनेची प्रत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. तोच मजकूर बँकेच्या तक्रार विभागाला ईमेलने पाठवा, म्हणजे तक्रार क्रमांक तयार होतो. पुढे कोर्टात किंवा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं झालं तर त्या क्रमांकाशिवाय अडतं.

दुसरं म्हणजे खात्यावर नेमकं काय लावलंय ते विचारा, कारण तीन वेगळ्या गोष्टी असतात. लीन असेल तर तेवढीच रक्कम अडकते, बाकी व्यवहार चालू राहतात. डेबिट फ्रीझ असेल तर पैसे आत येतात, बाहेर जात नाहीत. टोटल फ्रीझमध्ये दोन्ही बंद. तुमच्या वर्णनावरून डेबिट फ्रीझ वाटतो. तसं असेल तर गल्ल्यावरचा क्यूआर आजच्या आज उतरवा, नाहीतर रोजची विक्री त्याच खात्यात जाऊन अडकत राहील. आणि नवा क्यूआर त्याच बँकेतल्या भावाच्या बचत खात्याचा लावू नका. काही वेळा खूण खात्यावर नसून ग्राहक क्रमांकावर असते, मग त्या क्रमांकाखालची सगळीच खाती अडकतात.

कायदा_आणि_कागद

वरच्या उत्तराला कायद्याची बाजू जोडतो.

पोलिसांना बँक खातं 'मालमत्ता' म्हणून गोठवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली महाराष्ट्र राज्य विरुद्ध तापस नियोगी या निकालात मान्य केलं. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२ होतं, १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ ने घेतली. त्याच कलमात पोलिसांवर एक बंधनही आहे: जप्तीची माहिती विनाविलंब त्या हद्दीतल्या न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायची. ती कळवली का, कधी कळवली, हे तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा. कळवलेलीच नसेल तर तुमची बाजू बरीच बळकट होते.

आता रकमेचा मुद्दा, कारण तुमची खरी अडचण तीच आहे. वाद १४,५०० चा आणि अडकले १,८६,०००, हे न्यायालयांनी वारंवार चुकीचं ठरवलंय. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बँकांना सांगितलं की पोलिसांच्या पत्रात जेवढी रक्कम आहे तेवढ्यापुरतंच गोठवा. मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये साधारण अडीच लाखांच्या वादात तेवढ्याच रकमेवर लीन ठेवून बाकी खातं मोकळं करायला लावलं. त्याच वर्षी दिल्लीत छोले-भटुरे विकणाऱ्या एका विक्रेत्याचं पूर्ण खातं १०५ रुपयांवरून बंद पडलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने तो त्याच्या उपजीविकेच्या हक्कावर घाला मानला आणि १०५ रुपयांवर लीन ठेवून खातं सुरू करायला सांगितलं. बँकेला आणि पोलिसांना पत्र लिहिताना हे निकाल नमूद करा. मागणी एका ओळीची असू द्या: "वादग्रस्त रकमेवर लीन ठेवून उर्वरित खाते सुरू करावे." "खातं सोडा" म्हणण्यापेक्षा ही मागणी मान्य होणं कितीतरी सोपं, कारण त्यात कोणालाच धोका पत्करावा लागत नाही.

जाण्याबद्दल: नोटीस आली तर आधी कलम वाचा. ही सगळी कलमं त्याच नागरिक सुरक्षा संहितेची. कलम ९४ असेल तर फक्त कागदपत्रं मागितली आहेत. ती ईमेल आणि स्पीड पोस्टने पाठवता येतात. कलम १७९ साक्षीदार म्हणून बोलावण्यासाठी आहे आणि ते त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसाला लागू होतं. स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरचे पुरुष आणि गंभीर आजारी व्यक्ती यांचा जबाब ते राहतात तिथेच घ्यायचा असतो. कलम ३५(३) ची नोटीस मात्र वेगळी. ती संशयिताला जाते. ती आली तर एक दिवसही न घालवता वकील गाठा, दुर्लक्ष केलं तर अटकेपर्यंत जाऊ शकतं.

पेठेतला_दुकानदार

काउंटरपलीकडून यांनी सांगितलं तसा अर्ज आज दिला आणि प्रतीवर शिक्का मिळाला. ठाणं तेलंगणातलं आहे, वादग्रस्त रक्कम १४,५००, लेयर ३. म्हणजे तो फोनचाच व्यवहार. खात्यावर डेबिट फ्रीझ आहे, लीन नाही. पोलिसांना नेमकं काय पाठवायचं, आणि तोवर हप्ता-चेकचं काय करायचं?

खतावणी

कागदांआधी एक घाईचं काम. दुकानातल्या सीसीटीव्हीचं त्या दिवसाचं चित्रण आजच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. बहुतेक डीव्हीआर काही आठवड्यांत जुन्यावर नवं लिहितात, आणि ते गेलं की परत मिळत नाही. गिऱ्हाईक दुकानात येऊन फोन घेऊन गेलं हे दाखवणारा तोच सगळ्यात भक्कम पुरावा.

मग संच असा लावा. सर्वात वर एका पानाचं इंग्रजी पत्र: पावती क्रमांक, खाते क्रमांक, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, काय विकलं, कोणाला, आणि मागणी. इंग्रजी अशासाठी की वाचणारा तेलंगणातला आहे. त्याखाली विक्रीचं बिल. जुना फोन असल्यामुळे बिलावर आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) असायला हवा, आणि भावाने तो फोन कोणाकडून घेतला त्याची खरेदी पावतीही जोडा. नाहीतर पुढचा प्रश्न "फोन आला कुठून" हाच येतो. मग बँकेचा शिक्का असलेला तीन महिन्यांचा उतारा, त्यात ती एकच ओळ पिवळ्या रंगाने ठळक केलेली. उताऱ्यावर हाताने काही लिहू नका. शेवटी गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी, जीएसटी असेल तर प्रमाणपत्र, पॅन, आधार. गिऱ्हाइकाशी व्हॉट्सअॅपवर बोलणं झालं असेल तर फक्त स्क्रीनशॉटवर भागवू नका, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा आणि मूळ फोन सांभाळून ठेवा.

बिल नसेल तर आज मागच्या तारखेचं बनवू नका. हे मी कळकळीने सांगतो. बिलाचा क्रमांक, जीएसटी विवरण आणि स्टॉक यांचा मेळ बसला नाही की निर्दोष दुकानदाराविरुद्धच बनावट कागदाचा मामला उभा राहतो. बिल नसेल तर नाही म्हणा आणि बाकीचे पुरावे द्या.

हप्त्यासाठी: कर्ज देणाऱ्या संस्थेला आजच लेखी कळवा की खात्यावर फ्रीझ आहे, नॅचने (खात्यातून आपोआप हप्ता कापण्याच्या सोयीने) रक्कम मागू नये, हप्ता दुसऱ्या खात्यातून भरतो. पाच तारखेआधी भरून पावती घ्या. नुसतं भरलं आणि कळवलं नाही, तर नॅच तरीही जातं, परत येतं आणि दंड लागतो. पुरवठादारांनाही चेक टाकण्याआधीच कळवा आणि दुसऱ्या मार्गाने पैसे देऊन चेक परत घ्या. चेक परतलाच आणि कलम १३८ ची (चेक न वटल्याची) नोटीस आली, तर मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्या. खातं गोठल्याचा बचाव नंतर कोर्टात मांडता येतो, पण तिथवर जाऊच नये. जीएसटी भरण्यासाठी हेच खातं लागत नाही. दुसऱ्या बँकेच्या नेट बँकिंगने किंवा चलन काढून एनईएफटीने भरता येतो, आणि १०,००० पर्यंत बँकेच्या काउंटरवर रोखही चालते.

काउंटरपलीकडून

पत्र पाठवताना एक अडचण नेहमी येते. पोलिसांनी "सोडायला हरकत नाही" असं पत्र तुमच्या हातात दिलं, तर बँक ते बहुधा स्वीकारत नाही. खोटी पत्रं फार फिरतात. पत्र तपास अधिकाऱ्याच्या सरकारी ईमेलवरून थेट बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला जायला हवं, आणि त्यात पावती क्रमांक, खाते क्रमांक आणि "लीन १४,५००, बाकी मोकळं" असा स्पष्ट मजकूर हवा. म्हणून नोडल विभागाचा ईमेल शाखेकडून घ्या आणि तुमच्या पत्रातच तपास अधिकाऱ्याला द्या. त्याला शोधावा लागला तर तुमचं काम मागे पडतं. ठाण्यातून प्रतिसाद नसेल तर सायबर पोर्टलच्या संपर्क पानावर राज्यवार नोडल अधिकारी आणि तक्रार निवारण अधिकारी दिलेले आहेत, त्यांना तोच ईमेल पाठवा.

या काळात दोन प्रकारचे फोन येतील. एक म्हणेल, "इतके टक्के द्या, खातं सोडवून देतो." दुसरा म्हणेल, "मी तक्रारदार, माझे १४,५०० या नंबरवर परत पाठवा, तक्रार मागे घेतो." दोघांनाही पैसे देऊ नका. रक्कम परत करायची तुमची तयारी असली तरी ती तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि बँकेमार्फत किंवा कोर्टाच्या आदेशानेच जाऊ द्या. परस्पर दिलेत तर लीन तसंच राहतं आणि पैसे दोनदा जातात.

खातं बंद होण्याबद्दल: फ्रीझ असताना बँक सहसा बंद करत नाही. पण फ्रीझ उठल्यावर बँक स्वतः संबंध संपवू शकते. तेव्हा अटींप्रमाणे नोटीस आणि उरलेली रक्कम मागा. कारण मात्र नेहमी सांगितलं जाईलच असं नाही, कारण संशयास्पद व्यवहाराचा अहवाल गेला असेल तर ते ग्राहकाला सांगायला बँकेला कायद्यानेच मनाई आहे.

कायदा_आणि_कागद

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाबद्दल अनेकांचा गैरसमज असतो म्हणून लिहितो. बँकेकडे तक्रार देऊन ३० दिवस झाले किंवा उत्तर पटलं नाही, तर लोकपालाकडे मोफत जाता येतं. पण लोकपालाच्या एकात्मिक योजनेत तपास यंत्रणेच्या आदेशानुसार बँकेने केलेली कारवाई बाहेर ठेवलेली आहे. "खातं गोठवलं" एवढीच तक्रार केलीत तर ती फेटाळली जाईल. "सूचना १४,५०० ची असताना बँकेने १,८६,००० अडवले" किंवा "लेखी मागूनही माहिती दिली नाही" ही बँकेच्या सेवेतली उणीव आहे, ती टिकू शकते. मसुदा तसाच करा.

पोलीस आणि बँक दोन्हीकडून हालचाल नसेल तर दोन दारं उरतात. ठाणं ज्या न्यायदंडाधिकाऱ्याच्या हद्दीत आहे तिथे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली जप्ती सोडवण्याचा अर्ज. पण त्यासाठी तेलंगणात वकील करावा लागेल. दुसरं म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका, कारण खातं आणि नुकसान दोन्ही सांगलीत आहे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच असल्यामुळे तुम्हाला त्यासाठी मुंबई गाठावी लागणार नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, मदतवाहिनी १५१०० आहे.

खतावणी

पुढच्यासाठी दुकानात एक नियम करा: पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि समोरच्याचं नाव जुळत नसेल, तर जुना फोन, सोनं, गिफ्ट कार्ड असल्या लगेच पुन्हा विकता येणाऱ्या वस्तू द्यायच्या नाहीत. "मित्राकडून पाठवतो" म्हटलं की ओळखपत्राची प्रत आणि बिलावर सही. "माझ्याकडे रोख द्या, मी यूपीआय करतो" हे तर कोणासाठीच करू नका. क्रिप्टो परक्या माणसाला विकून खात्यात रुपये घेणारेही याच सापळ्यात सर्वाधिक अडकतात, आणि त्यांच्याकडे दाखवायला बिलसुद्धा नसतं.

खातं सुरू झाल्यावर बँकेकडून लेखी घ्या की फ्रीझ कोणत्या तारखेला काढला आणि लीन किती शिल्लक आहे. मग एक छोटी रक्कम नेट बँकिंगने, एक यूपीआयने आणि एक चेकने काढून बघा. खूण एका ठिकाणची निघते आणि दुसऱ्या ठिकाणची राहते, असं होतं.