अस्पर्श हिमाचा उतार इतरांना सांगावा का?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव):
गेले दोन हिवाळे मी स्कीइंगसाठी गुलमर्गला जात आहे. तेथील अफरवत शिखरावरील ताज्या, भुसभुशीत हिमाचा एक उतार दाखवताना तेथील वाटाड्याने ठिकाण कोठेही प्रसिद्ध न करण्याची अट घातली होती. आता येथील मित्र नकाशा मागत आहेत. नकार देणे कोतेपणाचे ठरेल काय?

उत्तर (खानापूर):
मुळीच नाही. अशा हिमावरून कोणी एकदा घसरत गेले की तो पट्टा दबतो आणि पुढच्या हिमवृष्टीपर्यंत पूर्ववत होत नाही. त्यात गंडोलाचा (तेथील रोपवेचा) दुसरा टप्पा सुमारे ३,९८० मीटर उंचीपर्यंत नेत असल्याने गर्दी होण्यास वेळ लागत नाही. आमच्याकडील धबधब्यांची ठिकाणे रीलमधून पसरली, तरी निदान पाणी वाहत राहिले. तेथे पहिले दहा जणच सारे संपवतात, आणि त्यांतले चार जण तर केवळ चित्रीकरणासाठी आलेले असतात!

उत्तर (निपाणी):
मला हे पूर्णपणे पटत नाही, कारण पर्वत कोणाच्या मालकीचा नसतो. मात्र हिमस्खलने बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि बीकन (हिमाखाली गाडल्या गेलेल्याचा ठाव देणारे यंत्र), शोधकाठी व फावडे न बाळगता केवळ नकाशाच्या भरवशावर जाणारा हौशी माणूस खाली असलेल्यांनाही संकटात टाकू शकतो. नकार द्यायचाच असेल, तर हे कारण सांगा.

प्रश्नकर्ता:
वाटाड्याला विचारून त्याचा दूरध्वनी क्रमांक मित्रांना देतो. नकाशा देत नाही.