एसटीत ३३ वर्षं कंडक्टर राहिलेल्या बाबांना जगातलं कुठलं शहर दाखवू?

कोयनाकाठची:
नमस्कार मंडळी. बाबा एसटीतून रिटायर होऊन नऊ वर्षं झाली आणि पासपोर्ट काढला तो मागच्या महिन्यात, तोही मी हात धुऊन मागे लागले म्हणून. आता मी आणि भाऊ मिळून त्यांना एकदा बाहेर नेणार आहोत. एका टूरवाल्याकडे गेलो तर त्याने आठ दिवसांत पाच देश असं पत्रक हातात ठेवलं, बाबांनी चष्मा लावून ते अख्खं वाचलं आणि म्हणाले यात गाडीत बसायचं किती तास ते कुठं लिहिलंय?

त्यांना मनोरे, पुतळे, म्युझियम यात फारसा रस नाही. काशीला गेलो होतो तेव्हा देवदर्शन दहा मिनिटांत उरकून नावाड्यांशी तासभर गप्पा, दिवसाला फेऱ्या किती, नंबर कसा लावता, पावसाळ्यात काय करता. तर असं शहर सांगा जिथे लोक इकडून तिकडे कसे जातात हेच बघण्यासारखं आहे. वय ६७, बीपीची गोळी चालू आहे, गुडघे बरे आहेत पण फार पायऱ्या नकोत.

आळशी मुशाफिर:
ला पाझ, बोलिव्हिया. डोळे झाकून. शहर म्हणजे एक मोठा वाडगा समजा, बुडाशी जुनं शहर आणि वरच्या काठावर एल आल्तो नावाचं दुसरं शहर. आपल्याकडे पैसेवाला उंचावर बंगला बांधतो, तिथे उलटं, श्रीमंत सगळ्यात खाली राहतात कारण खाली थंडी कमी आणि श्वास घ्यायला बरं, आणि कष्टकरी माणूस वर. पूर्वी वरून खाली कामाला यायचं म्हणजे कोंबलेल्या मिनीबसमधून वळणं घेत घेत. २०१४ पासून तिथे रोपवे सुरू केले, टुरिस्टांसाठी नाही हां, रोजच्या ये-जा करणाऱ्यांसाठी, आता दहा लाइनी आहेत आणि प्रत्येकीला रंगाचं नाव, लाल, पिवळी, हिरवी. पाळण्यात दहा माणसं बसतात आणि एक गेला की काही सेकंदात दुसरा हजर, थांबायचं कामच नाही. माझ्यासमोर एक आजी बसल्या होत्या, घेरदार परकर, डोक्यावर गोल हॅट, पाठीला रंगीत गाठोडं, आणि त्या शांतपणे डुलक्या काढत होत्या, खाली लोकांच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे सरकतायत आणि मी वेड्यासारखा फोटो काढतोय.

सुपारीकातर:
मुशाफिरदादा, बीपीची गोळी वाचलीत का नाही? एल आल्तोचा विमानतळच ४,००० मीटरच्या वर आहे. मी पन्नाशीची धडधाकट बाई, पहिले दोन दिवस हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा पीत आडवी पडले होते, जिना चढले की डोकं ठणकायचं. ताई, डॉक्टरला विचारल्याशिवाय तिकडे फिरकू नका.

माझं मत इस्तंबूल. तिथे आशियात राहायचं आणि युरोपात नोकरीला जायचं हे लाखो लोक रोज करतात, मध्ये बॉस्फरसची खाडी. आशियाच्या बाजूच्या कादिक्योयहून फेरीबोट घ्या, वीसेक मिनिटांत खंड बदलतो आणि त्या वीस मिनिटांत एक माणूस ट्रेमध्ये छोट्या कमरेच्या काचेच्या ग्लासातून काळा चहा घेऊन फिरतो, एवढ्या हलत्या बोटीत थेंब सांडत नाही. लोक तिळाच्या कड्याचे, म्हणजे सिमितचे, तुकडे सीगलना फेकतात. खाडीच्या तळाखालून रेल्वेही आहे, मार्मराय, २०१३ ला सुरू झाली. ती लांबली कशामुळे माहितीये? येनीकापीला स्टेशनसाठी खणायला घेतलं तर खाली बायझंटाइन, म्हणजे तुर्कांच्या आधीच्या काळातलं बंदरच निघालं, त्यात ३७ जहाजं! मग काय, कुदळी बाजूला आणि ब्रश घेतलेली माणसं आत, कितीतरी वर्षं. आणि १८७५ पासूनची तुनेल आहे, जेमतेम अर्ध्या किलोमीटरची, चढावर दोराने ओढलेली भुयारी गाडी, लंडननंतरची दुसरी सगळ्यात जुनी. फक्त एक, शहर चढउताराचं आहे, चालायचा हिशोब करून जा. मांजरं आवडत असतील तर मग विचारूच नका, मी बाकावर बसले तर एक बोका मांडीवर येऊन झोपला, हलायची सोय नाही.

दर्यावर्दी:
कंडक्टर म्हटल्यावर मला व्हेनिसच आठवलं. सगळे गोंडोल्याचे फोटो टाकतात पण तिथली खरी एसटी म्हणजे व्हापोरेत्तो, पाण्यातली बस. प्रत्येक थांबा तरंगता, आणि बोट टेकायच्या आधी एक खलाशी दोर टाकून खुंट्याला दोन वेढे मारतो, बोट करकरत चिकटते, तो दांडा सरकवतो, थांब्याचं नाव पुकारतो, आधी उतरणारे मग चढणारे, परत दांडा, दोर सोडला की निघाली. पाऊण तासाच्या एक नंबरच्या फेरीत हे पुन्हा पुन्हा, न कंटाळता. तुमचे बाबा बोटीत बसणार नाहीत, त्या माणसाशेजारी उभे राहतील बघा. कचऱ्याची बोट, अँब्युलन्सची बोट, सिमेंटच्या गोणी नेणारी क्रेनवाली बोट, फ्रीज घेऊन चाललेली बोट, सगळंच पाण्यावरून कारण शहरात चाक लावलेलं म्हणजे हातगाडी आणि सूटकेस. २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी ७८ दरवाजे उभे करून भरतीचं पाणी अडवतात, नाहीतर पूर्वी भोंगा वाजला की लोक गमबूट शोधायचे. पण पूल चारशेच्या वर आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. गुडघ्यांसाठी पास काढायचा आणि बोटीतच बसून राहायचं.

तुंबडी:
ब्राझीलमधलं कुरितिबा. १९७४ पासून बससाठी वेगळे रस्ते. काचेच्या नळीसारखे थांबे, तिकीट नळीत शिरतानाच, बस आली की एकदम पाच दारं उघडतात आणि पाऊलही वर उचलावं लागत नाही. लांब पडेल पण सांगून ठेवतो.

राईनकाठचा वऱ्हाडी:
ताई, कोणीच जर्मनीतलं वुपरटाल म्हणलं नाही म्हणून लिहितोय. मी कोलोनजवळ नोकरीला, तिथून लोकल ट्रेननं अर्धा तास. गाव काही सुंदर वगैरे नाही, खोटं कशाला बोलू, पण तिथे रेल्वे उलटी लटकते. खरंच. वर एक रूळ, रुळावर चाकं आणि चाकांना टांगलेला डबा. अरुंद दरी, मधून वुपर नदी, दोन्ही काठांना गिरण्या आणि घरं दाटलेली, रस्त्यावर ट्राम वाढवायला जागा नाही, जमिनीखाली खणायचं तर खडक आणि पाणी. मग उरलं काय, नदीच्या वरची हवा. दोन्ही काठांवर लोखंडी पाय फाकवून उभे केले आणि १९०१ ला गाडी सुरू केली, सव्वातेरा किलोमीटर, २० स्टेशनं, त्यातले दहाएक किलोमीटर नदीवरूनच. अजून रोज लोक त्यानंच कामाला आणि शाळेत जातात. वळणावर डबा झोका घेतो तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा येते, शेजारचा म्हातारा मात्र पेपर वाचत असते. दोन्ही टोकांना गाडी गोल फिरून परत येते, आपल्या स्टँडसारखी, ते बघायला शेवटच्या स्टेशनपर्यंत जाच.

लपवत नाही, १९९९ ला मोठा अपघात झाला होता, रात्रीच्या दुरुस्तीनंतर एक लोखंडी पकड रुळावर राहून गेली आणि पहाटेची पहिली गाडी नदीत पडली, पाच माणसं गेली. तुमच्या बाबांना हेही ऐकायचं असेल म्हणून लिहिलं.

आणि तुफीची गोष्ट. १९५० साली एका सर्कशीनं जाहिरातीसाठी हत्तीच्या पिल्लाला गाडीत चढवलं, सोबत पेपरवाले, गर्दी, पिल्लू बिथरलं आणि डबा फोडून थेट खाली नदीत! खाली चिखल होता, खरचटण्यावर निभावलं. तिच्या नावाचं दूध अजून दुकानात मिळतं. पोस्टकार्डावर उडी मारतानाचा फोटो विकतात तो मात्र जोडकाम केलेला आहे, खरा फोटो कोणाला घेताच आला नाही.

इटलीला आणि इकडे एकच व्हिसा चालतो, म्हणजे दर्यावर्दी म्हणतात तो दोरवालाही होऊन जाईल. आले तर कळवा, वांग्याचं भरीत भाकरी माझ्याकडे.

सुपारीकातर:
वऱ्हाडीभाऊ, इस्तंबूल पाडलंत तुम्ही.

कोयनाकाठची:
सगळ्यांचे खूप आभार. काल जेवणं झाल्यावर बाबांना सगळे रिप्लाय मोठ्याने वाचून दाखवले. ला पाझवर आईने फुली मारली, इस्तंबूलच्या ३७ जहाजांवर ते नुसतं हं म्हणाले. दोर टाकणाऱ्या माणसाचं मात्र दोनदा वाचायला लावलं, त्याची ड्युटी किती तासांची असते ते दर्यावर्दींना विचार म्हणाले. तर व्हेनिस आणि वुपरटाल नक्की करतोय, महिना अजून ठरायचाय. रात्री दिवा घालवल्यावर खोलीतून आवाज आला, अगं त्या हत्तीच्या पिल्लाचं हाफ फाडलं होतं का लगेज, तेवढं विचारून ठेव.