गेम चालू केला की लॅपटॉप तापून बंद पडतोय, कोणी सांगू शकेल का?

मुळे काका (३०१): मंडळी, ओंकारचा गेमिंग लॅपटॉप गेम सुरू केला की थोड्या वेळात एकदम बंद पडतोय. कीबोर्डवर हात ठेववत नाही इतका तापतो. दोन वर्षांपूर्वी मेळ्यात घेतला होता, वॉरंटी संपली. एका दुकानात दाखवला तर न उघडताच म्हणाले मदरबोर्ड गेलाय, बदलावा लागेल. खर्च ऐकून तसाच घरी घेऊन आलो. कोणाला अनुभव आहे का?

आपटे काकू (१०४): अहो, लू किती आहे बघताय ना! कूलरच्या तोंडाशी ठेवून बघा.

सौरभ (२०५): खाली आइसपॅक ठेवा काका. माझा मित्र तसंच करतो.

केतकी (४०३): आइसपॅक अजिबात नको. गार झालेल्या धातूवर हवेतलं पाणी जमतं. ते आत बोर्डवर उतरलं तर शॉर्ट होईल, आणि कूलरच्या खोलीत हवा आधीच ओलसर असते. काकू, कूलरचा सरळ झोतही नको, त्यात तुषार येतात. आपल्या बोअरचं पाणी जड, सुकलं की क्षार मागे राहतात. पण कूलर लावलेल्या खोलीत बसून खेळणं चांगलंच. झोत अंगावर घ्या, लॅपटॉपवर नको.
मुळे काका, दोन गोष्टी सांगा. थंडीत असं व्हायचं का? आणि ओंकार बसतो कुठे?

ओंकार (३०१): ताई, थंडीत एकदाही नाही झालं. पंखे आवाज करायचे पण चालायचा. मी पलंगावर बसतो. त्या खोलीत कूलर नाही, नुसता पंखा आहे.

केतकी (४०३): मग मदरबोर्ड गेला असं न उघडता कोणी सांगायला नको होतं.
ओंकार, नीट वाच. लॅपटॉपचा पंखा गार हवा तयार करत नाही. तो खोलीतलीच हवा आत ओढतो, तांब्याच्या नळ्यांच्या टोकाला असलेल्या बारीक पत्र्यांमधून ढकलतो आणि ती हवा उष्णता घेऊन बाहेर जाते. त्यामुळे खोली जितके अंश वर, साधारण तितकेच अंश आतली चिपही (प्रोसेसर) वर. जानेवारीत खोलीत १५ अंश असताना चिप ८० वर राहत असेल, तर तोच गेम मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत तिला १०५ वर नेईल. इंटेलच्या बहुतेक एच मालिकेच्या, म्हणजे ताकदवान लॅपटॉपमधल्या प्रोसेसरांची मर्यादा १०० आहे. तिथे पोचला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, गेम अडखळायला लागतो. तरीही उष्णता निघाली नाही तर चिप जळू नये म्हणून मशीन वीजच तोडून टाकतं. बोर्ड खराब झाला म्हणूनच बंद पडलं असं नसतं, बोर्ड वाचवायलाही बंद पडतं.
त्यात पलंग. हवा आत घ्यायची भोकं खालच्या बाजूला असतात, ती गादीने पूर्ण झाकली जातात.

देव काका (१०२): केतकी अगदी बरोबर सांगते आहे. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं तसा पहिला नियम झाला, चपला बाहेर. एसी बंद पडला की रात्री-बेरात्री घरून बोलावणं यायचं. आंधी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी सगळे फिल्टर काढून साफ. कार्डांवर धूळ बसली की आठवड्याभरात तक्रारी सुरू व्हायच्या. आपल्या गावात उष्णता आणि धूळ एकाच महिन्यात येतात, यंत्रांना तेच जड जातं. दोन वर्षांत एकदाही उघडला नसेल तर आत काय असेल ते मी न बघता सांगतो.

केतकी (४०३): काका, हो. पण आधी मोजू या. ओंकार, एचडब्ल्यूइन्फो नावाचा तापमान दाखवणारा फुकट प्रोग्रॅम आहे, तो टाक. टेबलावर बस, मागची बाजू इंचभर उचल, भोकं मोकळी ठेव. मग गेम लाव आणि प्रोसेसर, ग्राफिक्स दोन्हींचे आकडे इथे टाक.

ओंकार (३०१): केलं ताई. प्रोसेसर ९९-१००, ग्राफिक्स ८६. बंद पडायला जरा जास्त वेळ लागला, पण पडलाच. गेम न लावतासुद्धा ६८ दाखवतोय.

केतकी (४०३): काही काम नसताना ६८ म्हणजे हवा जातच नाहीये. रविवारी सकाळी घेऊन ये, उघडू. तोवर दोन सेटिंग बदल. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, तिथे मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० आहे ते ९९ कर. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो. एच मालिकेच्या प्रोसेसरची मूळ गरज साधारण ४५ वॉट, टर्बोत तो १०० च्याही पुढे जाऊ शकतो. ती सगळी उष्णता त्या दोन पंख्यांनीच बाहेर काढायची. दुसरं, ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फ्रेम रेटला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची त्याला, ६० ची मर्यादा घाल.

ओंकार (३०१): पण ताई स्क्रीन १४४ हर्ट्झचा आहे ना, ६० केलं तर उपयोग काय त्याचा?

केतकी (४०३): मित्रांबरोबर नेमबाजीचा सामना असेल तेव्हा ९० ठेव, तिथे फरक कळतो. एकट्याने खेळायच्या गेमला ६० भरपूर आहेत. मर्यादा नसली तर ग्राफिक्स मेनूच्या स्क्रीनवरसुद्धा पूर्ण जोर लावून फ्रेम काढत बसतं, ती उष्णता फुकट जाते. दिवाळीनंतर सगळं काढून टाक, मीच सांगते.

ओंकार (३०१): ताई!! ८७ वर थांबला. तासभर खेळलो, बंद नाही पडला.

मुळे काका (३०१): देवासारखी भेटलीस बेटा. मदरबोर्डचे पैसे आज भरून आलो असतो.

सौरभ (२०५): केतकीताई, उघडणारच आहात तर चिप आणि तांब्याच्या मध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल घाला ना. व्हिडिओत बघितलं, बरंच तापमान उतरतं.

केतकी (४०३): उतरतं, खोटं नाही. पण ते गॅलियमचं मिश्रण आहे, त्यातून वीज जाते. एक थेंब बाजूला ओघळला तर बोर्ड खरंच जाईल. शिवाय गॅलियम ॲल्युमिनियम खातं. काही कंपन्या कारखान्यातच भरून देतात, पण त्याभोवती अडसर बांधून. घरी नको. साधी पेस्ट लावली तर उन्हाळ्याच्या उष्णतेत ती हळूहळू चिपच्या मधून बाजूला सरकते. म्हणून मी हनीवेलची पीटीएम ७९५० पट्टी वापरते. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होते, चिप आणि तांबं यांच्यातली फट भरते आणि पेस्टसारखी बाजूला सरकत नाही.

कुलकर्णी काकू (२०२): केतकी, मध्येच विचारते. आमच्या जुन्या लॅपटॉपचा टचपॅड वर उचलल्यासारखा झालाय, क्लिक होत नाही. तोही रविवारी आणू का, धूळच असेल?

केतकी (४०३): काकू, तो आत्ताच बंद करा आणि चार्जर काढा. ही धूळ नाही, खाली बॅटरी फुगली असणार. लिथियमच्या बॅटरीत गॅस धरतो तेव्हा असंच होतं. टचपॅड दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, उघडू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. पलंग, पडदे, कागद यांपासून लांब, फरशीवर ठेवा. मी संध्याकाळी दुकानातून येताना घेऊन जाते. जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, गाडीत दाबली गेली तर पेट घेते. ती ई-कचऱ्यातच द्यायची.
ग्रुपवर सगळ्यांनाच सांगते, लॅपटॉपची तळाची बाजू टेबलावर सपाट बसत नसेल तर आज बघून घ्या. दिवसभर चार्जरला लावून वापरत असाल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, ती चालू करा.

कुलकर्णी काकू (२०२): बंद केला गं. बाल्कनीत ठेवू का?

केतकी (४०३): बाल्कनीत ऊन येतं तुमच्याकडे, नको. न्हाणीघराबाहेरच्या कोरड्या फरशीवर ठेवा.

(रविवार)

ओंकार (३०१): सगळ्यांना सांगतो, झालं! पाठीमागचं झाकण काढल्यावर ताईने आधी बॅटरीची वायर काढायला लावली, मग बाकी सगळं. पंखा वरून स्वच्छ दिसत होता. पंखा काढला तर त्याच्या आणि पत्र्यांच्या मध्ये धुळीचा जाड पेळू अडकला होता, एका तुकड्यात बाहेर आला. त्याच्या मागे पत्रे चकचकीत होते, कारण तिथपर्यंत काही पोचतच नव्हतं.

देव काका (१०२): म्हटलं होतं ना. एअर कॉम्प्रेसर वापरला नाही ना?

केतकी (४०३): नाही काका. पंक्चरवाल्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं. मऊ ब्रश आणि कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर. ओंकारने पाती बोटाने धरून ठेवली, नाहीतर हवेने पंखा वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंग जातं. हीटसिंकचे (तांब्याच्या नळ्या-पत्र्यांचे) स्क्रू त्यांच्याजवळ छापलेल्या आकड्यांच्या उलट क्रमाने सैल केले. जुनी पेस्ट वाळून पोपडे झाली होती, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणारे मऊ तुकडे) चांगले होते, तसेच बसवले. ते फाटले तर तेवढ्याच जाडीचे मिळवावे लागतात, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही.

ओंकार (३०१): आता गेम न लावता ५१. गेममध्ये प्रोसेसर ७८, ग्राफिक्स ७४. पंख्याचा आवाजही कमी झालाय.

मुळे काका (३०१): केतकी, पट्टीचे आणि तुझ्या कामाचे किती झाले ते सांग. नाही म्हणू नकोस.

केतकी (४०३): पट्टीचेच द्या काका, बाकी ओंकारने स्वतः केलं. ओंकार, पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरने खोली फारशी उतरत नाही, तेव्हा ९९ तसंच राहू दे. पुढच्या एप्रिलमध्ये आंध्या सुरू व्हायच्या आधी नुसते पंखे साफ कर, पट्टीला हात लावू नकोस.

आपटे काकू (१०४): सुनेचा ऑफिसचा लॅपटॉपही असाच आवाज करतो गं.

केतकी (४०३): काकू, ऑफिसचा आपल्याला उघडता येणार नाही. त्यांच्या आयटीवाल्यांना तिने लिहून कळवावं. तोवर मांडीवरून टेबलावर आणायला सांगा.