शरणपूरचं चर्च आणि आपलं नाशिक : तुमच्या आठवणी लिहा

शरणपूरकर
नमस्कार, जय ख्रिस्त मंडळी. शरणपूर रोड म्हटलं की आता कॅनडा कॉर्नर, दुकानं आणि ट्रॅफिक एवढंच डोळ्यासमोर येतं, पण १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने, म्हणजे सीएमएसने, तेव्हाच्या गावाबाहेर इथे वस्ती वसवली, अनाथ मुलं सांभाळली, शाळा काढली, आणि नुसतं जेवू घालून न थांबता मुलांच्या हातात रंधा आणि हातोडा दिला. सुतारकाम, लोहारकाम शिकून ही मुलं स्वतःच्या पायावर उभी राहिली. मला वाटतं हीच या चर्चची खरी कमाई. म्हणून हा धागा. संत आंद्रिया असो, होली क्रॉस असो, नाशिकरोडचं बाळ येशू असो की तुमच्या गल्लीतलं छोटं चर्च असो, कुठल्याही धर्माचे असा, जे आठवतंय ते लिहा. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना आधी विचारा प्लीज, ही माणसं आहेत तोवरच.

इतिहासवाली_बाई
मी शाळेत इतिहास शिकवते आणि दरवर्षी मुलांना हे सांगतेच. अरबी समुद्रात गुलाम नेणारी गलबतं इंग्रजांचं आरमार पकडायचं, त्यातून सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जायची आणि त्यातली बरीच पुढे आपल्या शरणपूरला आली. इथेच शिकली, इथेच वाढली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. आफ्रिका पालथी घालणारा स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ साली आत्ताच्या झांबियात वारला तेव्हा सोबतच्या माणसांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, दफनविधीची प्रार्थना जेकबने वाचली, झाडाच्या खोडावर अक्षरं पण त्यानेच कोरली, आणि मग देह वाळवून, गुंडाळून, कित्येक महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला! जेकब त्या देहासोबत इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या मोठ्या चर्चमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. नाशिकला शिकलेला मुलगा. मुलं ऐकताना गप्प होतात एकदम.
आणि गोष्ट इथे संपत नाही, सीएमएसचे मिशनरी रेव्ह. प्राइस ज्यांनी शरणपूरला इतकी वर्षं काढली ते १८७४-७५ ला आत्ताच्या केनियातल्या मोंबासाला गेले, तिथे गुलामीतून सुटलेल्यांसाठी फ्रीअर टाउन वसवलं, आणि त्यात हात कुणाचे होते तर नाशिकला शिकून गेलेल्या याच आफ्रिकन लोकांचे. ज्यांना आपण आसरा दिला म्हणतो त्यांनी पुढे जाऊन दुसऱ्यांना आसरा दिला, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. गोदाघाटाचा इतिहास सांगतो तसा हाही आपल्या शहराचा इतिहास म्हणून सांगितला पाहिजे.

गोदाकाठची
मी ख्रिस्ती नाही, आधीच सांगते. वडील गेले तेव्हा आम्ही मल्हारखाणीजवळ राहायचो, आई अंगठाबहाद्दर, तीन पोरं पदरात. शेजारच्या मावशी चर्चच्या महिला मंडळात होत्या त्या आईला जवळजवळ ओढतच शिवणवर्गाला घेऊन गेल्या. तिथली पद्धत अशी की आधी ब्लाउज जुन्या पेपरवर कापायचा. बाही पेपरची, कटोरी पेपरची, टाचणीने जोडून अंगाला लावून बघायची, काखेत ओढली की परत कापायची, आणि पेपर बरोबर बसल्याशिवाय कात्री कापडाला लावू द्यायच्या नाहीत म्हणजे नाहीत. आमच्या घरभर पेपरच्या बाह्या पडलेल्या असायच्या. कापड महाग हो, गरीब बाईचं एक ब्लाउजपीस वाया गेलं तर तिचं शिकणंच थांबतं, हे त्या बायांना कळत होतं. पुढे आईने फॉल-पिकोपासून सुरुवात करून आम्हा तिघांची शिक्षणं केली. वर्गात कुणी एकदाही म्हटलं नाही की तुम्ही चर्चला या. उलट आईचा मंगळवार असायचा तर मावशी डब्यात साबुदाणा खिचडी आणायच्या. मावशी आता नाहीत. नाताळचा फराळ अजून त्यांच्या सुनेकडून येतो आणि आमचा दिवाळीचा त्यांच्याकडे जातो.

नाशिकरोडकर
रिक्षा चालवतो. फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा असते तेव्हा मुंबई, वसई, गोवा कुठून कुठून माणूस येतो, स्टेशनपासून लाईन. तिथले स्वयंसेवक पोरं उन्हात दिवसभर उभी, म्हातारी माणसं हात धरून आत नेतात, आम्हा रिक्षावाल्यांना पण पाणी विचारतात. बस एवढंच सांगायचं होतं.

अंबडवासी
२०२० च्या मे महिन्यात मुंबईहून कसारा घाट चढून माणसं पायी येत होती ते हायवेला राहणाऱ्यांनी पाहिलंय. गुरुद्वारावाले, मंडळांची पोरं, मशिदीतली मंडळी, सगळेच उतरले होते रस्त्यावर. आमच्या भागातल्या छोट्या चर्चची दहा-बारा घरं होती, पैसा नव्हता फार, तर त्यांनी पायांचं काम घेतलं. एक नर्सताई टबात कोमट पाणी, मिठाचं, घेऊन बसायच्या, पाय धुवायच्या, फोड पुसून मलम-पट्टी, आणि जुन्या चपलांचा ढीग लावलेला, ज्याला जी बसेल ती घाला. पाळकसाहेब स्वतः खाली बसून लोकांच्या पायात चपला घालून बघत होते मापाला. जेवण खूप जण देत होते पण चपलांचं यांना सुचलं. मी घरातल्या सगळ्या दिल्या होत्या तेव्हा.

वेल्डर_सातपूर
आमच्या चर्चमध्ये सुगीच्या सणाला लोक घरचं काय असेल ते भक्तीला, म्हणजे प्रार्थनेला, घेऊन येतात, कांदे, मेथी, अंडी, एखादी कोंबडी, केक, आणि भक्ती झाली की आवारात लिलाव. तबला-पेटीवर रेव्ह. ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं चालू असतात, आणि बोली बोलणारे काका असा आवाज लावतात की मार्केट यार्डात पण लागणार नाही. गंमत म्हणजे वस्तू घेणारा पैसे देतो आणि वस्तू परत टेबलावर ठेवतो, मग परत बोली. एक मेथीची जुडी पाच वेळा विकलेली बघितलीय मी, शेवटी पार सुकून गेली होती बिचारी. तो पैसा पोरांच्या फीला जातो, मंडळीतल्याच असं नाही, शेजारच्या वस्तीतल्या पण. माझी आयटीआयची फी त्यातूनच भरली गेली, वेल्डर ट्रेड, आणि आज एमआयडीसीत स्वतःचं छोटं युनिट आहे, दोन पोरं शिकायला ठेवलीत. आता मीही बोली लावतो. मागच्या सणाला एका आजींचा लाल भोपळा चारदा फिरून माझ्याकडे आला, तो मात्र घरी आणला आणि आईने घारगे केले, अर्धे युनिटवर नेले.