मडफ्लॅपचं माप भरल्या गाडीवर घ्या
चाकामागे चिखल अडवायला लावतात तो मडफ्लॅप प्लास्टिकपेक्षा जाड रबराचा टिकतो हे पटतं, पण तो ‘जितका लांब तितका चांगला’ असं म्हणतात ते पिकअपला लागू होत नाही. मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग) असतात. रिकामी गाडी मागून उंच उभी असते, कांद्याच्या गोण्या चढल्या की पाटे दबून चांगलीच खाली बसते. रिकाम्या गाडीवर मोजलेला लांब फ्लॅप मग रस्त्याला घासतो, आणि शेतातून रिव्हर्स घेताना टायरखाली सापडला की बोल्टसकट उपटून येतो. आम्ही माल भरूनच माप घेतो, खाली वीतभर जागा सोडतो.

फ्लॅप बसवताना बोल्टला नुसत्या वायसरवर भागवू नका. रबरावर आडवी लोखंडी पट्टी टाकून बोल्ट आवळा. ओढ पूर्ण रुंदीवर वाटली जाते, भोकं फाटत नाहीत. पत्र्याला नवीन भोक पाडलंत तर कडांना आधी प्रायमर लावा, कोकणातल्या पावसात गंज तिथूनच सुरू होतो. पुढच्या चाकांना मात्र स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर फ्लॅपला लागत नाही ना हे पाहा, मगच बोल्ट शेवटचे आवळा.